गायला हवं होतं दशरथने

माझ्या नवऱ्याने आयुष्यात एकच गाणं लिहिलं आणि ते दुसऱ्याच माणसाने गायलं. ही गोष्ट मी लग्नानंतर जितक्यांदा ऐकली तितक्यांदा स्वतःचं नावसुद्धा ऐकलं नसेल. कुणीतरी घरी येतं, सोफ्यावर बसतं, चिवडा खातं, मीरा रोडच्या ट्रॅफिकला शिव्या घालतं आणि मग बशी खाली ठेवून मान हलवतं. "दशा, काय पण म्हण, ते गाणं तूच गायला हवं होतंस." झालं! दशरथ डोळे मिटतो, हात वर करतो, म्हणजे जाऊ दे, मला या विषयावर बोलायचंच नाही. आणि मग दोन तास बोलतो. मी आत पोळ्या लाटते आणि मनात म्हणते, बोला मेल्यांनो, बोला. तुमच्या बोलण्याच्या वाफेवर पोळ्या शेकता आल्या असत्या तर मला गॅस लागला नसता.

बँडचं नाव खाडीपूल. चार पोरं होती. अभिनव गायचा, स्वप्नील गिटार वाजवायचा, आमचा दशरथ ड्रम बडवायचा आणि चौथा एक बास वाजवणारा होता, तो कॅनडाला गेला आणि सुटला. दशरथ मुळात त्याच्या आप्पांच्या भजनी मंडळातला. लहानपणी आप्पांच्या मागे बसून टाळ कुटायचा, मग पखवाज आला, मग कॉलेजला गेल्यावर अचानक केस वाढले आणि ड्रम आले. पेणकरपाड्यात एका बंद पडलेल्या गाळ्यात यांची प्रॅक्टिस चालायची. मराठीतून रॉक! माझी आई पहिल्यांदा तो आवाज ऐकून म्हणाली होती, "शालू, खिडकी लाव गो, कुणाचं तरी भांडण लागलंय." या लोकांनी एक सीडी काढली. त्यातली बाकीची गाणी कुणाच्या लक्षात नाहीत, त्यांच्या आयांच्याही नाहीत. एक मात्र चाललं. कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये, हॉस्टेलच्या गच्चीवर, पिकनिकच्या बसमध्ये, जिथे म्हणून एक गिटार आणि एक प्रेमभंग होता तिथे ते वाजलं. संथ गाणं, हे लोक त्याला बॅलड म्हणतात. 'दिवा विझव गं, मला घरी जाऊ दे.'

तो दिवा माझा. हे मी कुणाला सांगत नाही, कारण कुणी विचारत नाही. माहेरी आम्ही तेव्हा तिसऱ्या मजल्यावर राहायचो. मी टीवायच्या परीक्षेसाठी जागायचे आणि हा समोरच्या पानपट्टीच्या फळीवर बसून माझ्या खिडकीकडे बघायचा. दिवा विझेपर्यंत उठायचा नाही. मला काय पत्ता? मी अकाउंट्सच्या पुस्तकावर डोकं टेकून दिवा चालू ठेवूनच झोपायचे आणि हा येडा खाली डास मारत बसायचा. त्या डासांतून ते गाणं निघालं.

आता भांडण काय ते नीट सांगते, कारण हे लोक सांगतील तर तुमची संध्याकाळ जाईल. शब्द दशरथचे, चाल दशरथची. पण बँडचा गायक अभिनव, म्हणून गायलं अभिनवने. स्टुडिओत आधी डमी गातात. म्हणजे ज्याला चाल येते तो गाणं एकदा गाऊन ठेवतो. मग खरा गायक कानाला हेडफोन लावून डमीची एकेक ओळ ऐकतो आणि त्याच जागेवर स्वतःचा आवाज भरतो. डमी पुसली जाते. तशी दशरथने डमी गायली आणि लगेच कंपनीत पाळीला पळाला. आपण काय गायलं ते परत लावून ऐकायलाही थांबला नाही. अभिनवने दुसऱ्या दिवशी गाणं भरलं. दशरथने ते थेट सीडीवर ऐकलं आणि तेव्हापासून त्याच्या पोटात दुखतंय.

दुखतंय नेमकं कुठे, तर 'घरी' या शब्दावर. तिथे अभिनव एक मुरकी घेतो. आवाज वर नेतो, गोल फिरवतो आणि खाली सोडतो. घऽऽरीऽऽ. लोकांना वेड लागलं त्या मुरकीचं. पोरं बाकीचं गाणं बेसूर म्हणायची, पण तिथे आली की डोळे मिटायची. दशरथचं म्हणणं, "रॉकमध्ये मुरकी? नाटकातलं पद आहे का ते? मुलगा खाली उभा आहे, थकलाय, घरी जायचंय त्याला, तो काय मुरक्या घेत बसेल?" अभिनव लहानपणी कुठल्याशा बुवांकडे शास्त्रीय शिकायला जायचा. "ती सगळी खाज त्याने माझ्या गाण्यावर भागवून घेतली," असं दशरथ म्हणतो. आणि नुसतं म्हणून थांबेल तर तो दशरथ कसला. करून दाखवतो. दाढी करताना, कांदा चिरताना, टीव्हीवर कुणी जरा आवाज फिरवला की नाक वर करून, डोळे मिटून, हात हवेत फिरवून, "घऽऽरीऽऽ! वा बुवा, वा!" माझ्यावर लिहिलेलं गाणं माझ्या घरात मी फक्त असं ऐकलंय.

बरं, डमी पुसलेली. ती अभिनवशिवाय कुणी ऐकलेली नाही, म्हणून तर तिचं एवढं कौतुक. स्वप्नील दर वेळी छातीवर हात ठेवतो. "वहिनी, दशाची डमी ऐकायला हवी होती तुम्ही. अंगावर काटा! साधं, सरळ, एक फालतू जागा नाही." हा स्वप्नील डमीच्या वेळी खाली गाडीवर भुर्जी खात होता, हे त्यानेच एकदा दोन पेग पोटात गेल्यावर मला सांगितलंय. बोलाचीच कढी नि बोलाचाच भात, आणि हे जेवून तृप्त. न ऐकलेल्या गाण्यात खोट काढणार कोण?

आणि अभिनव! त्याच्याबद्दल मी चांगलं बोलावं अशी कुणी अपेक्षा करू नये. बोरिवलीला त्याची व्हॉइस अकॅडमी आहे. बाहेर बोर्ड आहे, त्यावर हा एका कानावर हेडफोन धरून आकाशाकडे बघतोय, जसं काही वरून कुणी सांगतंय आणि हा लिहून घेतोय. फोटोखाली 'दिवा विझव फेम'. तिथे तो पोरांना ती मुरकी शिकवतो, वेगळा धडा आहे म्हणे त्या मुरकीचा. कुणी विचारलं की सांगतो, "ती घेतली नाही, ती आली. माईकसमोर आपोआप आली." जुलाबसुद्धा आपोआपच येतात. त्यांचा कुणी बोर्ड लावतं का?

यंदा त्या सीडीला पंचवीस वर्षं झाली आणि गुणवंतच्या डोक्यात किडा वळवळला. गुणवंत म्हणजे खाडीपूलचा सगळ्यात मोठा फॅन. स्टेशनजवळ मोबाइल कव्हरचं दुकान आहे त्याचं. गुजराती माणूस, पण ते गाणं त्याला त्याच्या लग्नाच्या तारखेपेक्षा पक्कं पाठ. त्याने ठरवलं, हॉल घ्यायचा, जुनी मंडळी जमवायची, बँडला परत उभं करायचं. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप निघाला. ग्रुपवर पहिल्याच दिवशी विषय कुठला? कुणी गायला हवं होतं? टक्कल पडलेली, शुगरच्या गोळ्या खाणारी माणसं एकमेकांना गाढव म्हणायला लागली. मतदान घेतलं. दशरथ जिंकला. अर्थात जिंकणार! अभिनवला सगळ्यांनी ऐकलंय, दशरथला कुणी नाही.

गुणवंत पेढे घेऊन घरी आला. "भाभी, पब्लिक डिमांड आहे. इस बार दशाभाईच गाणार. आपल्याला हिस्ट्री करेक्ट करायची."

"आधी दुकानाबाहेरचं ते गटाराचं झाकण करेक्ट करून घे," मी म्हटलं. "माणसं पडतायत त्यात."

तो हसला. या लोकांना टोमणा मारणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

अभिनवचाही फोन आला. दशरथने स्पीकरवर ठेवला, मला ऐकू यावं म्हणून. "दशा, तू गा रे. इट्स युवर साँग. मी मागे कोरसला उभा राहीन." केवढं ते मोठं मन! पुण्याहून आमच्या समिधाचा फोन आला, लेक माझी, माझ्यासारखीच आहे. "आई, कुणीही गाऊ दे गं, पण एकदाचं संपवा."

पण खरं सांगायचं तर माझी झोप उडाली. मी दिवसभर दवाखान्यात केसपेपर काढते, हजार लोकांशी हिंदीत कचाकचा बोलते, मला कशाचं काही वाटत नाही. याचं वाटलं. दशरथ बावन्न वर्षांचा आहे. कंपनीत स्टोअर सांभाळतो. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं त्याच्या वर जाऊन बसली. सोसायटीच्या मीटिंगमध्ये तो बोलायला उठला की लोक चहाकडे वळतात. त्याच्याजवळ स्वतःची म्हणावी अशी ही एकच गोष्ट, की मी गायलो असतो तर. ती आजवर झाकलेली होती म्हणून शाबूत होती. आता माईकवर सगळ्यांसमोर उघडायची होती. चांगला गायला तर पंचवीस वर्षांची हळहळ खरी ठरणार. वाईट गायला तर उद्यापासून आमच्या सोफ्यावर कुणी बसायला येणार नाही, आणि हा त्या रिकाम्या सोफ्याकडे बघत म्हातारा होणार. मला तो वैताग आणतो, पण असा झालेला बघवणार नव्हता मला.

"कसं गाणार आहेस?" मी विचारलं.

"साधं. सरळ. जसं डमीत गायलो होतो तसं. मुरकी नाही की काही नाही."

"म्हणून दाखव ना."

"तिथेच ऐक."

महिनाभर बाथरूममध्ये नळ सोडून प्रॅक्टिस केली त्याने. पाण्याच्या आवाजात मला एक अक्षर कळलं नाही. सोसायटीची टाकी मात्र रिकामी झाली आणि सेक्रेटरी मला बोलला.

कार्यक्रम रविवारी सकाळी. संध्याकाळी त्याच हॉलमध्ये कुणाचं तरी रिसेप्शन होतं, म्हणून गुणवंतला सकाळचा हॉल मिळाला. डेकोरेशनवाल्यांनी स्टेजवर नवरा-नवरीच्या लाल मखमली खुर्च्या आधीच मांडून ठेवल्या होत्या, त्या हलवायला कुणी तयार नव्हतं. त्यांच्यावर चादर टाकली आणि दोन्ही बाजूंना बँड उभा राहिला. काळे टी-शर्ट घातलेले पुरुष, टी-शर्टातून बाहेर डोकावणारी पोटं, आणि बरोबर बायका. बायकांच्या तोंडावर एकच भाव, जेवण आहे की नुसता नाश्ता? मी तिसऱ्या रांगेत बसले. स्वप्नीलने गिटार वाजवली, दोनदा तार जुळवली, तिसऱ्यांदाही ती जुळली नव्हतीच. दोन-तीन जुनी गाणी अभिनवने म्हटली. आवाज अजून बरा आहे मेल्याचा. मग गुणवंत माईकवर आला, हिस्ट्री करेक्ट होतेय वगैरे बोलला, आणि दशरथ ड्रमवरून उठून पुढे आला. ड्रमवर कुणीतरी नवीन मुलगा बसला.

दशरथने इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. काळा टी-शर्ट नाही घातला, तेवढी अक्कल दाखवली. माईक त्याला उंच पडत होता, तो त्याने खाली केला. आणि सुरू झाला.

मी तुम्हाला काय सांगू! तो चांगला गात होता. आवाज जाडसर, थोडा घोगरा, पण खरा. पहिलं कडवं त्याने बोलल्यासारखं म्हटलं. समोरची पानपट्टी, बंद होणारी दुकानं, वरच्या मजल्यावर एकच दिवा. माझ्या शेजारची बाई चिप्स खायची थांबली. मला वाटलं, अरे देवा, हे शिंचे खरंच बोलत होते की काय इतकी वर्षं? यानेच गायला हवं होतं की!

मग धृपद आलं. 'दिवा विझव गं, मला घऽऽरीऽऽ जाऊ दे.'

मुरकी! ती अशी सुटली की बस्स. वर गेली, गोल फिरली आणि खाली आली, तशीच्या तशी, अभिनवची. हॉलमध्ये आरोळी उठली. लोक उभे राहिले. मी दशरथचा चेहरा बघितला. खिशात हात घालावा आणि पाकीट नसावं, तसा तो चेहरा झाला होता. दुसऱ्यांदा धृपद आलं तेव्हा त्याने ती दाबली. दात आवळून 'घरी' म्हणाला, सरळ, तर आवाज चिरकला आणि लोकांनीच त्याच्या वतीने मुरकी घेतली, सगळ्या हॉलने. तिसऱ्यांदा त्याने प्रयत्नच सोडला. परत तीच आली, पहिल्यापेक्षा सुरेख. मागे कोरसला अभिनव उभा होता, तो खाली बघत होता.

गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात. गुणवंत माझ्याकडे धावत आला, डोळे पाण्याने भरलेले. "भाभी! आंखें बंद करो तो अभिनवभाई! सेम टू सेम!" कुणीतरी दशरथच्या पाठीवर थाप मारली, "साल्या, अभिनवची मिमिक्री एवढी भारी करतोस, कधी बोलला नाहीस!" आणि स्वप्नील, तो भुर्जीखाऊ, तो म्हणाला, "डमीची मजा नाही आली यार." म्हणजे हिस्ट्री करेक्ट झाली. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा दशरथ गायला आणि लोकांना अभिनव आवडला.

दशरथ स्टेजच्या मागे प्लास्टिकच्या खुर्च्यांच्या चळतीला टेकून उभा होता. मी त्याच्यासाठी चहा आणायला गेले, तर काउंटरपाशी अभिनव.

"वहिनी, एक बोलू?"

"बोला. बोलण्याचीच तर अकॅडमी आहे तुमची."

तो कप हातात फिरवत राहिला. "ती मुरकी माझी नाही."

"मग कुणाची?"

"त्याचीच. डमीत त्यानेच घेतली होती. मी हेडफोनमध्ये ऐकली, मला वाटलं चालीतच आहे. मी तर घाबरलो होतो, वहिनी. रॉकमध्ये हे भजनासारखं काय? पण गाणं त्याचं. म्हटलं, जसं आहे तसं गाऊ. त्याचे आप्पा नाही का भजनात असं घ्यायचे, तशीच होती. त्याला बहुतेक कळलंच नाही आपण घेतली ते."

"मग पंचवीस वर्षं तोंडात मिठाची गुळणी धरून बसला होतात?"

"आधी लोक म्हणाले, अभिनवची मुरकी काय भारी. मला वाटलं दशा म्हणेल, अरे ती माझी. तो बोलला नाही. उलट शिव्या द्यायला लागला. मला वाटलं, माझ्यावर चिडून बोलतोय. मग असंच राहिलं. मग क्लास सुरू झाला..."

"आणि मुरकीचा धडा निघाला."

तो कसनुसा हसला.

"जा, त्याला सांगा."

"तुम्हीच सांगा ना वहिनी. माझं तो ऐकणार नाही. मला चार वाजता बॅच आहे." आणि गेला! पाठमोरा बघितला मी त्याला. काळ्या टी-शर्टवर स्वतःचंच नाव छापलेलं होतं.

म्हणजे बघा. एकाने दुसऱ्याच्या मुरकीवर दुकान थाटलं, आणि दुसरा उभा जन्म स्वतःच्याच मुरकीवर थुंकत राहिला. आणि यांचा हा तमाशा चालावा म्हणून मी चिवड्याचे डबे भरत राहिले. असले एकेक नग मला कुठे जाऊन भेटले, कर्म माझं!

आम्ही रिक्षाने घरी आलो. मी बांगडे तळले, कारण रविवार होता आणि दुसरं काय करायचं ते मला सुचत नव्हतं. तो जेवायला बसला, भात कालवला आणि कालवतच राहिला.

"संपलं, शालू," तो म्हणाला. "त्याला चिडवता चिडवता तोच माझ्या गळ्यात जाऊन बसला. माझं जे होतं ते पुसलं गेलं. आता मी मेलो तरी कुणाला कळणार नाही मी कसा गायचो."

मला गलबलून आलं. खरंच आलं. तो गाढव आहे, पण असा बसलेला बघून माझा जीव तुटला. मी त्याला सगळं सांगितलं. अभिनव काय म्हणाला ते शब्दाला शब्द.

"खोटं बोलतोय."

"कशाला बोलेल? यात त्याचीच अब्रू जाते."

"मी मुरकी घेईन? मी?"

"आप्पा आठव. एकादशीला गायचे तेव्हा."

त्याचा हात थांबला. ओठ हलले, आवाज न करता. आप्पांची एखादी ओळ मनात म्हणून बघत असणार. मग त्याचे डोळे हळूहळू मोठे झाले. मला वाटलं, पडला उजेड एकदाचा. आता हा हसेल, किंवा रडेल, किंवा अभिनवला फोन लावून आईवरून शिवी घालेल.

"म्हणजे," तो म्हणाला, "इतकं घाण गायलो होतो मी?"

मी कपाळावर हात मारला. "घाण कुठे? चांगलं होतं ते! लोक उगाच वेडे झाले का त्याच्यावर?"

"म्हणजे अभिनव चांगला गायला, असं म्हणतेस तू."

"हो, म्हणते. चांगला गायला. तू जसं गायलास तसाच गायला."

आमच्या घरात हे वाक्य आजवर कुणी उच्चारलं नव्हतं. तो असा बघायला लागला माझ्याकडे, जसं मी त्याच्या ताटातला बांगडा उचलून खिडकीतून फेकला होता. आणि मग माझं डोकं फिरलं. इतक्या वर्षांचं सगळं वर आलं.

"कुणी गायला हवं होतं, कुणी गायला हवं होतं! कान किटले माझे! ऐकायला कोण हवं होतं, ते विचारलंत कधी? तो दिवा कुणाचा होता रे? सगळ्या महाराष्ट्राने ऐकलं ते गाणं, मला एकटीला कधी म्हणून दाखवलंस?"

"तू ऐकलंयस की. हजारदा."

"नाक वर करून हात फिरवताना ऐकलंय. आणि आज, हॉलभर पोटांमध्ये बसून. मला म्हणून दाखव. आत्ता. मला साधं नको, सरळ नको, मुरकी असो नसो, मला म्हणून दाखव."

"आत्ता? जेवताना?"

"मग काय मुहूर्त काढू?"

मग त्याने हात धुतला, परत येऊन बसला आणि घसा साफ केला. मीही पदराला हात पुसून समोर बसले. लाज वाटत होती मला, या वयात. बाहेर कुणाचा तरी मिक्सर चालू होता, तो थांबला. दशरथने डोळे मिटले आणि अगदी हळू सुरू केलं. समोरची पानपट्टी, बंद होणारी दुकानं. माईक नसल्यामुळे त्याच्या आवाजातला श्वाससुद्धा ऐकू येत होता. वरच्या मजल्यावर एकच दिवा. मला माझी ती खिडकी दिसली, अकाउंट्सचं पुस्तक दिसलं, आणि खाली अंधारात बसलेला तो पोरगा दिसला, ज्याला मी तेव्हा एकदाही बघितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले. म्हटलं, आता काय हवं मला? दिवा विझव गं, मला घऽऽरीऽऽ...

तो थांबला. डोळे उघडले. एक बोट वर केलं.

"हे बघ. इथे. नेमकं इथेच अभिनवने माती खाल्ली. इथे थांबायला पाहिजे होतं त्याने. मी डमीत घेतली असेल एक वेळ, पण त्याला अक्कल नको? गायक तो आहे ना!"

मी उठले. त्याच्यापुढचं ताट उचललं, सिंकमध्ये टाकलं आणि नळ पूर्ण सोडला. तो बाहेरून मोठ्याने सांगतच होता.